जाम इंजिनाचं हँडल

आज गेटच्या गंजलेल्या कडीवर तेल सोडलं आणि त्या वासानं मला थेट मामाजींच्या मोटारीपाशी नेलं.

माझे सासरे. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन ते अंगणातली जुनी मोटार दुरुस्त करत होते. इंजिन पार जाम. रोज सकाळी ते त्यात थोडं तेल सोडायचे, समोरून इंजिन फिरवायचं हँडल हलकेच दाबून बघायचे आणि चहाला यायचे. महिनाभर हेच. एकदा मी वैतागून हँडलवर सगळा जोर टाकला, तर त्याची पिनच तुटली.

"तिले घाई नाही वं, तुलेच हाये," एवढंच म्हणून त्यांनी नवी पिन घासायला घेतली.

मी आठ दिवस माहेरी जाऊन आले, त्या सकाळी त्यांनी हाक मारली. "जोर नोको लावू पोरी. नुसता हात ठेव."

हँडल अलगद फिरलं. आत वर्षानुवर्षं निजलेलं काहीतरी जडशीळ कूस बदलत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर घराएवढी यंत्रं सांभाळलेले मामाजी श्वास रोखून बघत होते.

मामाजी आता नाहीत. पायरीवर बसलेल्या सासूबाईंना मी म्हटलं, "माझ्या हातानं सुटलं होतं ना ते इंजिन!"

त्या हसल्या. "तू माहेरी गेली त्याच दिवशी सुटलं होतं वं. जरासं हललं, तसा त्यायनं हात काढून घेतला. आठ दिवस शिवले नाही. म्हने, पिन तिनं तोडली, पयला फेरा तिचाच."