दाराआडचा केर

नवऱ्याची अंबडची कंपनी बंद पडली, तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या गाळ्यात आम्ही ऑनलाइन लॉटरीचं मशीन बसवलं. घर त्यावरच चालायचं. तिकिटं मी काढून द्यायची आणि स्क्रीनवर निकाल आला की दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायची.

त्या संध्याकाळी लाइन सारखी जात होती. निकाल आला, मी लिहिला, लोकांनी तिकिटं फाडून तिथंच टाकली. टोपली समोर ठेवलेली, पण ऐकतंय कोण! सासूबाईंनी केर काढला आणि दाराआड लोटून ठेवला. दिवा लागल्यावर केर बाहेर टाकला तर लक्ष्मी जाते म्हणे. यावरून मी त्यांना कायम चिडवायची.

एवढ्यात वितरकाचा फोन आला. स्क्रीनवर चुकीचा नंबर गेला होता. बरोबर नंबर ऐकताच मी ओळखला. तो एका निवृत्त मास्तरांचा होता. रोज स्वतःच्या स्कूटरचाच नंबर लावायचे, म्हणून मला पाठ. मघाशी माझ्यासमोरच तिकीट फाडून ते घरी गेले होते.

वितरक म्हणाला, तुकडे जोडून चुकीच्या निकालाची लेखी तक्रार केली, तरच बक्षीस मिळेल. आणि तक्रार गेली की दंड सेंटरला. नाही भरला तर मशीन जमा. चूक त्यांच्या कंपनीची, भुर्दंड आम्हाला. करारावर डोळे झाकून सही आम्हीच केली होती.

"मास्तरांना कळणारसुद्धा नाही," आमचे हे म्हणाले. "सकाळी घंटागाडी येईल, विषय संपला."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कोपऱ्यावर घंटा वाजली, तेव्हा मी केरात बसून तुकडे शोधत होते. सापडू नये, असंही वाटत होतं. हे बादली घेऊन डोक्याशी उभे.

"आटप ना. गाडी जाईल."

"थांबा म्हटलं ना."

गाडी गेली. शेवटचा तुकडा शेंगांच्या टरफलांत सापडला.

मी मास्तरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले. मग म्हणाले, "पण बाळ, तुमच्याविरुद्ध तक्रार मी कशी करू?"

"भीड राहू द्या हो, सर. लिहा."

त्यांचं पेन उमटेना. मी माझं दिलं.

दंड आला तो आमच्या ऐपतीबाहेरचा. बक्षीस मिळाल्यावर मास्तर त्यात वाटा द्यायला आले, तर ह्यांनी हात जोडले. मोठे आले मानी! त्यावरून मी ह्यांना बरंच टाकून बोलले. शेवटी माणसं येऊन मशीन उचलून घेऊन गेली.

त्या संध्याकाळी रिकामा गाळा मीच झाडला. घरात दिवा लागला होता, म्हणून सवयीनं केर दाराआड लोटला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"टाक की बाहेर," त्या म्हणाल्या. "आता काय जायचं राहिलंय?"