साखळीचे डॉक्टर

बोलताना डॉक्टरांचा अंगठा तर्जनीवर सतत फिरत असायचा, चिमटीत काळी पूड असो वा नसो. "थर सरकला पाहिजे, मॅडम. थर सरकला की धातू वाचतो." हे ते मला सांगत, चहावाल्याला सांगत, लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही सांगत.

पनवेलजवळच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. ते संशोधन विभागात. विभाग म्हणजे ते एकटेच. पीएच.डी. म्हणून डॉक्टर. कामगार गुडघेदुखी घेऊन आले की म्हणायचे, "अरे, गुडघा लोखंडाचा असता तर दुपारपर्यंत बरा केला असता." तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल, खुर्चीवर टेकतो पण बसत नाही.

आमच्या रंगाच्या शेडमध्ये लोखंडी कपाटं वरच्या साखळीला टांगून फिरतात. साखळीचं तेल ताज्या रंगावर ठिबकायचं, की कपाट परत रंगवा. डॉक्टरांनी तेलच बंद केलं आणि मॉलिब्डेनमच्या काळ्या पुडीचा सुका लेप दिला. तिचे अतिपातळ थर एकमेकांवरून कसे सरकतात, ते मला पत्त्यांचा कॅट पसरून दाखवलं. साहेबांनी बजावलं होतं, पावसाळाभर साखळी नीट चालली तर विभाग राहील, नाहीतर बंद.

आषाढात साखळी किंचाळायला लागली. रंगाऱ्यांचा मुकादम जवळच्या शिरढोण गावचा. वर बघत म्हणाला, "डाक्टर, तुमचा औषद नाय लागला."

चूक साधी होती. चाचणी एसीच्या कोरड्या खोलीत घेतलेली, आणि ही पूड दमट हवेत लवकर झिजते. जन्म पनवेलच्या घामट हवेत काढलेला माणूस नेमकी हवाच विसरला.

साहेबांनी वाट सुचवली. साखळी जुनी होती असं लिहून द्या, विभाग वाचेल.

डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, "साखळी ठीक आहे, सर. मी चुकलो."

उपायही त्यांनीच काढला. पुडीत ग्राफाइट मिसळायचं, पेन्सिलीत असतं ते. त्याला ओलावा मानवतो. मी त्याच दिवशी मागवलं. ते येईपर्यंत डॉक्टर स्टोअरच्या दाराशी येरझारा घालत होते. पण विभाग आधी बंद झाला, माल नंतर आला. जाताना त्यांनी मुकादमाला मिश्रणाचं प्रमाण पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी तो म्हणाला, पाठ झाला, जावा आता.

आलेला माल पडून राहू नये म्हणून मी साहेबांच्या मागे लागले. लेप लागला. साखळी सुरू होताच मी डॉक्टरांना फोन लावला आणि हात उंच करून साखळीकडे धरला.

"काहीच ऐकू येत नाही, मॅडम."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "आज ऊन आहे का?"

होतं.

"मग जोराचा पाऊस असेल तेव्हा फोन लावा."

पुढे ते नोकरीसाठी मस्कतला गेले. परवा इथे धो धो कोसळत होता. शेडमध्ये जाऊन मी फोन लावला, लागला नाही. साखळी डोक्यावरून जात होती, आणि पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.