कामात कच्च्या सिस्टर

वयाच्या एकविसाव्या वर्षी माझ्यावर सिंगापूरच्या उद्धाराची जबाबदारी येऊन पडली. सिंगापूरने ती मागितली नव्हती. तिथल्या गाड्या वेळेवर येत होत्या, नळाचं पाणी थेट पिता येत होतं, आणि आपला उद्धार व्हायचा राहिलाय अशी काळजी कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हती. तरी मी पुण्याहून निघाले आणि छातीवर नावाची काळी पाटी लावून दीड वर्षासाठी तिथे गेले.

आम्ही मॉर्मन. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी "म्हणजे ख्रिश्चनच ना?" असं विचारतात आणि मग "आडनावावरून वाटत नाही हं," म्हणतात. माझं आडनाव असं आहे की ऐकणाऱ्याला हवी ती जात त्यात सापडते. वडील कॉलेजात असताना सायकलवरून फिरणाऱ्या दोन गोऱ्या पोरांच्या नादाने या पंथात आले. आई लग्नानंतर आली. तिने सगळे नियम स्वीकारले, फक्त चहा सोडला नाही. आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य आहे. आई चहाला "औषध" म्हणायची आणि दिवसातून दोनदा आजारी पडायची.

आमच्यात तरुण पोरं-पोरी घरदार सोडून असे प्रचाराला जातात. एकोणीस वर्षांच्या पोरांना तिथे "एल्डर", म्हणजे वडीलधारे, म्हणतात. मिशी फुटायच्या बेतात असलेले हे वडीलधारे आमचे वरिष्ठ. मुलींना "सिस्टर" म्हणतात. प्रत्येकीला एक जोडीदारीण मिळते आणि तिला नजरेआड होऊ द्यायचं नसतं. लग्नातही इतकी सक्ती नसते. माझी जोडीदारीण अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या एका बटाटे पिकवणाऱ्या घरातली होती. उंच, सोनेरी केसांची, आणि फाडफाड चिनी बोलणारी. रस्त्यात ती "नी हाव" म्हणाली की चिनी आज्या थांबायच्या, तिचे गाल बघायच्या, तिला संत्री द्यायच्या. मी त्याच पाटीसकट पुढे झाले की लोक न थांबताच हात हलवायचे, "नो नीड, नो नीड, आय ऑलरेडी गॉट इन्शुरन्स." कित्येक महिने मी देवाचं राज्य जाहीर केलं आणि लोकांनी मला त्यांच्या पॉलिसीची माहिती दिली.

ज्या आठवड्याबद्दल सांगतेय त्याचा सोमवार कपडे धुण्यात आणि घरी व्हिडिओ कॉल करण्यात गेला. मंगळवारी आम्ही आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमधून निघून नोव्हेनाला गेलो. नोव्हेनाला सगळी हॉस्पिटलं. आजारी माणूस देवाचं ऐकतो असा आमच्या वरिष्ठ एल्डरचा सिद्धांत होता. स्वतः तो कधी आजारी पडला नव्हता.

स्टेशनबाहेर आम्ही उभ्या राहिल्यावर जेमतेम दोघा-तिघांनी हात हलवला असेल, तेवढ्यात माझं कोपर कुणीतरी घट्ट धरलं. सुती साडी, वर स्वेटर, पायात पांढरे बूट, अशी सत्तरीची एक बाई माझी पाटी बोटाने वाचत होती.

"सिस्टर," ती हिंदीत म्हणाली, "एमआरआय किधर है?"

माझं आडनाव तिने मग वाचलं आणि भाषा बदलली. "अगंबाई, आपल्यातली! सिस्टर, ह्यांना एमआरआयला न्यायचंय आणि या हॉस्पिटलात प्रत्येक मजल्यावर वेगळंच काहीतरी निघतंय."

"आजी, मी ती सिस्टर नाही."

"मग कुठली?"

"म्हणजे... चर्चची."

"नन का?"

"नन नाही. आमच्यात लग्न करतात."

"मग ठीक आहे," आजींनी निर्णय दिला. "एमआरआय कुठे?"

मागे बाकावर आजोबा बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, कानाने कमी ऐकणारे आणि त्या कमी ऐकण्यावर खूश असलेले. मुलाकडे चार महिन्यांसाठी आले होते आणि दुसऱ्याच महिन्यात पित्ताशयातल्या खड्यांनी डोकं वर काढलं. मुलगा मोठ्या बँकेत, त्याची कसलीशी मीटिंग होती. सून कामासाठी परदेशी गेली होती. आजींना इंग्रजी येत होतं, पण रिसेप्शनवरच्या मुलीने "अंकल फास्टिंग ऑलरेडी ऑर नॉट?" असं एका दमात विचारलं की त्या माझ्याकडे बघायच्या. मी सांगायचे, "आजोबांनी काही खाल्लंय का विचारतेय." आजी म्हणायच्या, "मग तसं विचार ना म्हणावं."

आम्ही त्यांना एमआरआयपर्यंत सोडलं, मग त्यांच्यासाठी थांबलो, मग वॉर्डात पोचवलं. निघताना आजी म्हणाल्या, "उद्या दहाला या. डॉक्टर दहाला येतात." मी जोडीदारणीकडे पाहिलं. तिला मराठीतला एक शब्दही कळला नव्हता, पण ती आनंदाने मान हलवत होती.

बुधवारी दहाला आम्ही वॉर्डात हजर. शेजारच्या खाटेवर एक चिनी आजोबा होते आणि त्यांच्याजवळ त्यांची बायको, ठेंगणी, लांब बाह्यांचं जाकीट घातलेली. तिला इंग्रजी जवळपास येत नव्हतं. या आंटी आणि आमच्या आजी यांनी आदल्या रात्रीपासून एकमेकींकडे बघून बरंच काही साठवून ठेवलं होतं. दुभाषे मिळताच बांध फुटला.

"विचार तिला, तिच्या ह्यांना काय झालंय," आजी म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं, जोडीदारणीने चिनीत. उत्तर त्याच वाटेने परत आलं. आंटींच्या नवऱ्यालाही खडेच होते. आजींचा चेहरा उजळला.

अडचण अशी की माझ्या जोडीदारणीची चिनी भाषा धर्मप्रचारासाठी शिकवलेली होती. तिला पश्चात्ताप, तारण आणि स्वर्गीय पिता हे शब्द यायचे. पित्ताशय येत नव्हतं. येशूच्या कबरीच्या तोंडावरून जो धोंडा बाजूला सारला त्याचा शब्द तिला पाठ होता, म्हणून आजोबांच्या पोटात तिने तो धोंडा घातला. आंटी घाबरून आजोबांच्या पोटाकडे बघत राहिल्या.

"तिला सांग, हे तेलकट खाणं सोडत नाहीत. कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत."

मी सांगितलं. जोडीदारणीने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे चिनीत काहीतरी म्हणाली. आंटी हसायला लागल्या ते थांबेनात.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"की हिचा नवरा आज्ञा पाळत नाही आणि अजून त्याने पश्चात्ताप केलेला नाही."

आंटींनी डोळे पुसत स्वतःच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि दोन शब्द बोलल्या. त्यांचं भाषांतर करावं लागलं नाही. दोघी म्हाताऱ्या मग दुपारपर्यंत नवऱ्यांबद्दल, सुनांबद्दल आणि हॉस्पिटलच्या बेचव पेजेबद्दल बोलल्या. पुणे ते आयडाहो ते चीन अशा मार्गाने जाणारी इतकी लांबची निंदा मी परत कधी ऐकली नाही. आम्ही मधल्या दोघी फक्त टेलिफोनच्या तारा होतो.

संध्याकाळी वरिष्ठ एल्डरचा फोन आला. आज किती जणांना शिकवण दिली?

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग दिवसभर काय केलं?"

"सेवा."

सेवा म्हटलं की त्याला पुढे बोलता यायचं नाही. ही आमच्या पंथातली मोठी सोय आहे.

गुरुवारी आजोबांचं ऑपरेशन. मुलगा सकाळी येऊन सह्या करून गेला होता, आमची चुकामूक झाली. खाट ढकलत नेताना आजोबांनी कानातलं यंत्र काढून आजींच्या हातात दिलं. दार बंद झालं आणि तीन दिवस सतत बोलणारी ही बाई खुर्चीवर बसली. यंत्र तिच्या मुठीत होतं. मुठीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, यंत्र बंद करायचं राहिलं होतं. मी तिची बोटं उलगडून ते बंद केलं.

"तुम्ही लोक प्रार्थना करता ना?" तिने विचारलं. "मग म्हण एखादी."

इतके महिने मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करत होते, पण इंग्रजीत. जोडीदारणीला समजावी म्हणून. मी डोळे मिटले, "हे आमच्या स्वर्गातल्या पित्या" म्हटलं आणि पुढे अडकले. लहानपणी घरी म्हटलेले शब्द कुठेतरी खाली गेले होते. शेवटी सुचलं तसं बोलले. आजोबांना सांभाळ, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, आजींना धीर दे. घरची आठवण इतकी जोरात आली की मी कुणासाठी मागतेय हे माझं मलाच कळेना. "आमेन" म्हटलं. जोडीदारीण "आमेन" म्हणाली. आजींच्या सोबतीला आलेल्या आंटीही "आमेन" म्हणाल्या. आजींनी तिघींची नोंद घेतली आणि आपलं "श्रीराम जय राम जय जय राम" तेरा वेळा म्हणून टाकलं, उगाच कुठे कसर राहायला नको म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. श्रेय कुणाचं यावर चर्चा झाली नाही.

शुक्रवारी मुलगा भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, चेहऱ्यावर अतिशय सभ्य धास्ती. त्याने आम्हाला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं.

"तुम्ही आईसाठी खूप केलंत. थँक यू. पण एक विचारतो, राग मानू नका. तिला काही पुस्तक वगैरे दिलंय का?"

"नाही."

"कुठल्या मीटिंगला बोलावलंय?"

"नाही."

"म्हणजे धर्माबद्दल काहीच बोलला नाहीत?"

"संधी मिळाली नाही," मी खरं ते सांगितलं.

तो जरा गोंधळला. सगळ्या मुद्द्यांची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून मुद्दाच मिळू नये, तसं झालं. मग त्याने विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" मी ओळखलं की आता गाडी आडनावावर येणार, आणि आली. त्याला माझ्या आडनावाचे दोन लोक माहीत होते, दोघेही माझे कुणी नव्हते.

शनिवारी आजोबांना घरी सोडलं. मला वाटलं, संपलं. रविवारी सकाळी आम्ही चर्चच्या दाराशी उभ्या होतो आणि टॅक्सीतून आजी उतरल्या. जरीकाठाची साडी, वर तोच स्वेटर, हातात डबा. मागून मुलगा, हाताची घडी घालून.

"आठवडाभर तुम्ही आमच्याकडे आलात. मला एक दिवस यायला नको?" आजी म्हणाल्या. "खिचडी आणलीय. साबुदाण्याची."

"आजी, आज आमचा उपवास आहे."

"म्हणून तर चालेल."

"आमच्या उपवासाला पाणीसुद्धा चालत नाही."

"निर्जळी?" आजींनी पहिल्यांदाच माझ्या धर्माकडे आदराने पाहिलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात उपवास असतो आणि त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने माइकपाशी जाऊन आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं. मी हे आजींच्या कानात समजावून सांगितलं. ते सांगायला नको होतं हे मला त्या उठून चालायला लागल्यावर कळलं. मुलगा "आई!" म्हणेपर्यंत त्या माइकपाशी पोचल्या होत्या आणि बोटाने मला बोलावत होत्या.

पहिल्या रांगेत आमचे मिशनचे अध्यक्ष बसले होते. पांढऱ्या केसांचे, अमेरिकेतला धंदा सोडून आलेले. सगळे एल्डर आणि सिस्टर त्यांच्या हाताखाली. मी आजींच्या शेजारी उभी राहिले आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. आधी आजोबांचा आजार. मग ऑपरेशन. मग या दोन मुली कशा रोज आल्या, चिनी बाईशी कशी मैत्री झाली. लोक मान हलवत होते. जोडीदारीण रडायच्या बेतात होती.

"आता एक सांगते," आजी म्हणाल्या. "या मुलींना तुम्ही धर्म सांगायला पाठवलंय. पाच दिवस माझ्याबरोबर होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. मुली गुणी आहेत, पण कामात कच्च्या आहेत."

आणि त्या माझ्या भाषांतराची वाट बघत थांबल्या.

आम्हाला खोटं बोलायची बंदी आहे. मी अध्यक्षांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत शब्दशः सांगितलं. मग अध्यक्षच मोठ्याने हसले आणि पाठोपाठ सगळी सभा हसली. वरिष्ठ एल्डर तेवढा हसला नाही, तो मान खाली घालून बूट बघत होता. "आणि एसी कमी करा," असं सांगून आजी खाली उतरल्या.

सभेनंतर अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. "बाई म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मग जा आणि सांगा त्यांना."

म्हणून दोन दिवसांनी आम्ही मुलाच्या काँडोमधल्या फ्लॅटवर गेलो, रीतसर वेळ घेऊन, पुस्तक घेऊन. आजोबा सोफ्यावर पाय पसरून होते. आजींनी टीव्ही बंद केला, पदर नीट केला आणि ऐकायला बसल्या. मी आमचा पंथ ज्याने सुरू केला त्या चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली, जो खरा पंथ कुठला हे देवाला विचारायला एकटा रानात गेला आणि त्याला देव दिसला. इतक्या महिन्यांत इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. आजी मध्ये फक्त "मग?" म्हणत होत्या.

"मग लोकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी त्याचा छळ केला. शेवटी त्याला मारलं."

"मारणारच," आजी हळहळून म्हणाल्या. "पोरगं रानात जातं, त्याला देव भेटतो आणि गावाला ते बघवत नाही. आमच्याकडेही असंच असतं."

मी धीर करून विचारलं, "आजी, तुम्हाला हे खरं वाटतं का?"

"न वाटायला काय झालं? पण बाळ, आमच्या चतुर्थ्या, एकादश्या आत्ता कुठे पाठ झाल्यात. या वयात पुन्हा नवे वार कुठे लक्षात ठेवू?"

आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि विचारलं, "काय म्हणतायत या?"

"धर्म बदलता का विचारतायत," आजी म्हणाल्या.

"जेवण झाल्यावर बघू," आजोबा म्हणाले.

मुलगा ऑफिसमधून आला तेव्हा आम्ही चौघं वरण-भात जेवत होतो. त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं, मागचं पुढचं पाहिलं, परत ठेवलं आणि स्वतःचं ताट घेऊन आमच्या शेजारी बसला.