भिंतीवरची जिवनबाई

जिवनबाई तांड्यावरून डिंक घेऊन यायची. कळमनुरीच्या वाटेवर आमचं बाजाराचं गाव, तिथं दर सोमवारी चिंचेखाली तिची बैठक. अंगावर आरशांचा घागरा, दंडभर बांगड्या, आणि तोंड असं चालू की गिऱ्हाईक डिंक घ्यायला आलंय की बोलणी खायला, ते कळू नये. डिंकात मात्र खडा सापडायचा नाही. पाय मोडून घरी बसलेला नवरा प्रेमसिंग आणि दोन लेकी, सगळे त्याच डिंकावर जगत होते.

मी सोनाजी, गाड्यांवर मोर आणि दुकानांवर पाट्या रंगवणारा. त्रेचाळीस साली लढाई ऐन भरात असताना एक सरकारी कारकून आला. बाजाराच्या भिंतीवर चित्र काढायचं होतं: दोन शिपाई बोलताहेत, मागं शत्रूची हेर बाई कान लावून उभी.

"शत्रूची बाई दिसती कशी?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? आपल्यातली वाटू नये, म्हणजे झालं."

आपल्यातली नाही म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढं जिवनबाई आली. जिच्याशी आठवड्याला हसून बोलायचो, तीच! तोंड, घागरा, आरसे, सगळं हुबेहूब उतरवलं. नाक तेवढं लांबवलं. लोक ओळखून खदखदून हसले, आणि मी मूर्ख फुशारलो.

चार दिवसांनी गावावरून एक विमान गेलं. कुणीतरी म्हणालं, तांड्याच्या बाया आरशांनी इशारे करतात. झालं! तांड्यातल्यांना चोर म्हणायची सवय होतीच, आता ते हेरही झाले. त्या सोमवारी जिवनबाईचा डिंक कुणी घेईना. पुढच्या सोमवारी तर टोपली लाथेनं उडवून तिला बाजाराबाहेर हाकललं.

ती माझ्या दारात आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दादा, काहून असं केलं तुमी? पोरी उपाशी हायेत. मला नुसतं बसू द्या म्हना लोकायला."

भर बाजारात मी चुन्याची बादली घेऊन गेलो, चित्र पुसलं आणि ओरडलो, "म्या शत्रू कधी पाह्यलाच न्हाई! ही आपली जिवनबाई हाय. चूक माही हाय!"

"सरकारानं उगंच काढाया लावलं व्हय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

पुढच्या सोमवारी जिवनबाई साधं लुगडं नेसून, पदर पुढं ओढून आली. कुणी ओळखलं नाही, कुणी हाकललं नाही. दंड मात्र उघडे होते. नवरा जिता असताना तांड्यातली बाई दंडावरच्या बांगड्या काढत नाही, हे मला ठाऊक होतं.

"प्रेमसिंग गेला का गं?"

"न्हाई दादा, हाय की," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यायनंच उतरवल्या, सोताच्या हातानं. म्हनले, पोरी जेवल्या पाह्यजेत."

तेवढ्यात एका म्हातारीनं पावशेर डिंक मागितला. जिवनबाई तोलायला वळली, आणि मला तिथं उभं राहवेना.