गिरणीतला कॉम्प्युटर सुरू होईना तेव्हा

सोलापूरच्या उन्हाळ्यात आमच्या गिरणीच्या ऑफिसात एकच खोली थंड असायची, आणि तिची किल्ली माझ्याकडे होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने सहा महिने वापरून बघा म्हणून कपाटाएवढा कॉम्प्युटर आणून बसवला होता. टायपिंगच्या खोलीतून उचलून मला त्याच्यापुढे बसवलं, कारण माझी बोटं भरभर चालायची. तोंडही चालायचं, पण ते साहेबांना नंतर कळलं. एअरकंडिशनर कॉम्प्युटरसाठी होता, तरी एप्रिल-मे महिन्यात अख्ख्या ऑफिसाचं माझ्याकडे काही ना काही काम निघायचं. मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावायची आणि "दार लावा, दार लावा" म्हणून ओरडायची. एवढा थाट मला जन्मात मिळाला नव्हता.

फक्त हेडक्लार्क अण्णा कधी आत आले नाहीत. अक्कलकोटकडचा माणूस, सगळी हयात गिरणीत गेलेली. तिन्ही पाळ्यांची हजेरी ते हाताने जुळवायचे आणि एक चूक निघायची नाही. "मला घाम चालतो," म्हणायचे आणि पंख्याखाली बसून राहायचे. आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं की मुदत संपली की मशिन ठेवायचं का परत पाठवायचं ते अण्णा म्हणतील तसं. झालं! माझा जीव टांगणीला लागला. मशिन परत गेलं असतं तर मीही परत टायपिंगला गेले असते, 'सविनय सादर' आणि 'आपला विश्वासू' बडवत.

अण्णांची एक तक्रार खरी होती. एका पाळीची हजेरी मशिन झटक्यात छापायचं; तिन्ही एकत्र दिल्या की अर्ध्यातच बसकण मारायचं. मेमरी पुरत नव्हती. मग कंपनीने जादा मेमरीचं कार्ड पार्सलने पाठवलं. वहीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिपांच्या रांगा आणि एका कडेला सोन्याचा मुलामा दिलेले दात. ती कड मशिनमधल्या खाचेत घट्ट बसवायची असते, वीज त्या दातांतूनच आत जाते. पार्सल आलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आणि बसवणारा इंजिनिअर यायचा होता दसरा झाल्यावर.

खंडेनवमीला गिरणीत सगळ्या यंत्रांची पूजा. मागांना झेंडूच्या माळा, मागावरचे धोटे आणि नटबोल्ट पिळायचे पाने एका ताटात, ऑफिसात टाइपरायटरलाही हळदकुंकू. मी पार्सलचा डबा आणि खोलीची किल्ली बाहेर ऑफिसात ठेवून लवकर घरी पळाले. शुक्रवार पेठेत आमच्या आईचं शिवणयंत्र पूजेला मांडायचं होतं आणि माळ मी न्यायची होती.

दसऱ्यानंतर इंजिनिअर आला. सोलापुरात आपण फार काळ काढणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. डबा उघडला तर कार्डावर कुंकवाची बोटं आणि चार अक्षता. पूजेत कार्डही बसवलं होतं तर! "अहो, हे काय?" म्हणत त्याने हिरव्या पाटीवरचं कुंकू रुमालाने टिपून काढलं, अक्षता फुंकल्या आणि कार्ड खाचेत दाबलं. साहेब आले. आणि दारात, चपला काढून, चक्क अण्णा! आजवर पाऊल टाकलं नाही आणि आजच बरे आले गंमत बघायला, असं मनात म्हणत मी कळ दाबली.

पंखा घुमला, पण समोरचा एकही दिवा लागला नाही. छपाईयंत्र गप्प.

इंजिनिअरने नवं कार्ड काढलं, नुसत्या जुन्या कार्डांवर मशिन लावलं. झकास चालू झालं. नवं घातलं, बंद. मग नवं कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, तरी बंद. जुन्यातलं एक त्या पहिल्या खाचेत घालून पाहिलं, चालू. म्हणजे खाच ठणठणीत, मशिन ठणठणीत. त्याने घड्याळात बघितलं. "कार्डच मेलंय. पुण्याला न्यावं लागेल."

"मग मशिनही घेऊन जा," साहेब वैतागले. "तिन्ही पाळ्या होत नसतील तर आम्हाला काय उपयोग?"

मला इतका राग आला की काय सांगू. त्या इंजिनिअरचा, साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त दारात मुकाट उभ्या असलेल्या अण्णांचा. कार्ड डब्यात भरायला म्हणून उचललं, तर माझा अंगठा पिवळाधमक.

"सोनं निघालं!" मी किंचाळले.

इंजिनिअर पांढराफटक पडला. साहेबांनी कपाळाला हात लावला. मी अंगठा नाकाशी नेला आणि मला हसूच आवरेना. हळद होती! सोनेरी दातांवर ओल्या हळदीची बोटं ओढलेली, वाळून बसलेली. पिवळ्यावर पिवळं कुणाला दिसणार?

"ही हळद लावली कुणी?" इंजिनिअर गरजला.

"मीच की," अण्णा म्हणाले. "वर कुंकू लावलं, अन् ते सोन्यावानी चमकतंय तितं हळद. म्हनलं, हेच तोंड असंल."

"अहो, तोंड नव्हे ते!"

"मग त्येचं तोंड कुटं असतंय, सांगा की."

मी टेबलावरचं खोडरबर घेतलं आणि सोनेरी दात एकेक करून चोळले. रबर पिवळं झालं, दात लखलखले. इंजिनिअरने कार्ड बसवलं, मी देवाचं नाव घेऊन कळ दाबली, आणि समोरची दिव्यांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटली. मी टाळ्याच वाजवल्या.

साहेब अण्णांकडे वळले. "आता तुम्हीच बोला. ठेवायचं की पाठवायचं?"

"आता काय इचारता साहेब? ते नवमीलाच ठरलं की," अण्णा म्हणाले. "हळद लावून घरात घेतलेलं कुनी परत धाडतंय व्हय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् पोरी, तू उभी का? बस की. तुजीच खुर्ची हाय."

माझा निकाल लागून तीन दिवस झाले होते, आणि मी आपली तीन दिवस त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मी त्या परक्या इंजिनिअरसमोर घळाघळा रडले. इतका आनंद मला पुढे नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हाही झाला नाही. रडतरडतच खुर्चीत बसले आणि तिन्ही पाळ्या एकदम लावल्या. छपाईयंत्र खडखडत राहिलं, अर्धं ओलांडून पुढे गेलं, आणि अण्णा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले.