बोलक्या टेस्टवाले सर

माझ्या पहिल्या नोकरीतल्या टीम लीड सरांइतका शांततेला घाबरणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही. तुर्भ्याच्या ऑफिसात लिफ्टमध्ये शिरले की सांगायचे, "शिरलो. तिसरा दाबला." डबा उघडला की आधी भाजीचं नाव, मग मीठ कमी असल्याची घोषणा, आणि हे घरी बोलायची हिंमत नाही, हेही जाहीर. हाच स्वभाव त्यांनी आमच्या ऑटोमेटेड टेस्टना, म्हणजे वेबसाइट नीट चालते का हे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमना, लावला. इतरांच्या टेस्ट पास झाल्या की एक हिरवा ठिपका टाकून मोकळ्या. सरांनी सेटिंग बदलून प्रत्येक टेस्टला पावलोपावली लॉग, म्हणजे केल्या कामाची नोंद, लिहायला लावलं, तेही मराठीत: ‘खोटा ग्राहक तयार केला. लॉगिनचं बटण दाबलं. पान उघडलं, देवाची कृपा.’ बेंगळुरूची टीम वैतागली. सर त्यांना म्हणाले, "पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणतो ना? मग टेस्टनं मुक्यानं का जायचं?"

मी मार्केटात गोणी वाहणाऱ्या माणसाची मुलगी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझं प्रोबेशन संपत आलं आणि नेमकी मी लिहिलेली पेमेंटची टेस्ट अधूनमधून फेल व्हायला लागली. माझ्या लॅपटॉपवर धडधाकट, सर्व्हरवर आडवी. मॅनेजर म्हणाले, कोड कच्चा दिसतोय, हिला पर्मनंट करायचं का ते शुक्रवारी बघू. कोड कच्चा नव्हता, मला खात्री होती. पण दाखवणार कसं?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांसमोर सरांनी लॉग पडद्यावर लावला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतला. माझ्या टेस्टनं ग्राहक तयार केला, पेमेंटचं पान उघडलं. तेवढ्यात दुसऱ्या टेस्टची ओळ आली: ‘साफसफाई सुरू. सगळे ग्राहक काढून टाकले. जय हरी.’ टेस्ट एकाच वेळी, एकाच डेटाबेसवर चालायच्या. माझा ग्राहक पैसे भरता भरता पुसला गेला होता. आणि लॉगमध्ये ‘जय हरी’ लिहिणारा माणूस ऑफिसात एकच. खोली गप्प झाली. पहिल्यांदाच सरही.

मग घसा खाकरून म्हणाले, "साफसफाईची टेस्ट माझी. पोरीचा ग्राहक मी उडवला. तिचं लेटर आजच काढा साहेब, आणि मला एक चहा सांगा."

लेटर त्याच दिवशी निघालं. पुढं सर आईवडिलांसाठी साताऱ्याला परतले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. टेस्ट फेल झाली की मीटिंगमध्ये जो तो लॅपटॉपमध्ये मान घालतो, आणि चूक माझी असली तर पहिलं वाक्य मलाच बोलावं लागतं. बोलते मी. आवाज मात्र अजून सरांइतका लागत नाही.