एक मशीन, दोन खाटा

सुनंदा कांबळेला स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि श्वास जेमतेम चालू होता. तिचा नवरा प्रकाश सांगत होता, "सकाळी पोटात दुखतंय म्हणाली. मग डोळंच उघडंनात. खाली जमिनीवर झोपली हुती, बाई."

अंगावर जखम कुठेच दिसत नव्हती. मुरगूडकडचं गाव, पावसाळ्याचे दिवस, जमिनीवरची झोप. मण्यार चावली असणार. या सापाचे दात इतके बारीक की चावलेलं कळतही नाही.

मी भूलतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात नोकरीला होते. भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशनआधी इंजेक्शन देतो असं लोकांना वाटतं. पण श्वास बंद पडत आलेला पेशंट आला की पहिला फोन आम्हालाच येतो. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शेवटी छातीचेही. विष उतरेपर्यंत कुणीतरी त्या माणसासाठी श्वास घेतला, तर तो चालत घरी जातो. ते काम व्हेंटिलेटर करतो. आमच्याकडे चालू मशीन एकच होतं. दुसरं मशीन बिघडलेलं, पार्ट यायची वाट बघत कोपऱ्यात पडलं होतं.

चालू मशीनवर पेठ वडगावचे एक निवृत्त मास्तर होते. मेंदूत मोठा रक्तस्राव. आणल्यापासून शुद्ध नव्हती. डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली हलत नव्हती, घशातली नळी हलवली तरी खोकला येत नव्हता. मशीनमुळे छाती वरखाली होत होती, एवढंच.

मी सुनंदाच्या घशात नळी घातली, सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि नळीला अँबू बॅग जोडली. अँबू बॅग म्हणजे रबरी फुगा. तो हाताने दाबायचा, की फुप्फुसात हवा जाते. दाबणारा थांबला की श्वास थांबतो. प्रकाशला शिकवलं, त्याच्या भावाला शिकवलं. टेंपोतून आलेली गावची माणसं पाळी लावून दारात बसली.

मग मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले.

"सर, मास्तरांना आता काही उपयोग नाही. मशीन हिला लावूया."

"काढलं की मास्तर जातील."

"ते गेल्यातच जमा आहेत. ही जगेल."

"हे तुला आणि मला कळतं. कायद्याला कळतं का?"

"पण न्यायाने बघितलं तर..."

"न्याय कोर्टात बघतात. इथे बेड आहेत आणि नातेवाईक आहेत. मुलगा तयार असेल तर काढ. नाहीतर हात लावू नकोस."

मास्तरांचा मुलगा दिलीप चाळिशीचा, वडगावात त्याचं कापडाचं दुकान. मी त्याला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, पटतंय. मग म्हणाला, "कोण बाई हाय ती? दाखवा मला."

मी थांबवायच्या आत तो वॉर्डात शिरला आणि सुनंदाच्या खाटेपाशी उभा राहिला.

"हिच्यासाठी माझ्या बापाला उठवायचं? एसटीतली सीट हाय व्हय ती?"

"इथे बोलू नका," मी म्हणाले. "अंग लुळं पडलंय, पण शुद्ध आहे. तिला ऐकू येतं."

"हिला? ही तर मेल्यागत पडलीया." त्याचा आवाज चढला. "आमचा बाप आधी आलाय. त्याचा नंबर आधी. म्हातारा झाला म्हणून त्याचा हक्क संपतोय काय? उद्या अजून तरणं कोण आलं, तर हिचं पण काढणार काय तुम्ही?"

मी त्याला दाराकडे नेलं.

प्रकाश फुगा दाबत होता. त्याने मान वर केली नाही. दिलीप गेल्यावर म्हणाला, "दुसऱ्याचा बाप मारून आमास्नी नगं, बाई." थोड्या वेळाने, आणखी हळू, "पर नगं म्हणायचं बळ बी न्हाई."

गावची माणसं दाबत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचं हृदय आपोआप थांबलं. आम्ही छाती दाबली, इंजेक्शनं दिली, उपयोग झाला नाही. खाट रिकामी झाल्यावर मी मशीन पुसून घेतलं आणि सुनंदाला लावलं. दिलीप दारात उभा राहून बघत होता.

"वाटच बघत हुता तुम्ही," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. मी वाट बघत होते.

त्याने तक्रार केली. बाईंनी मुद्दाम मशीन बंद केलं, असा आरोप. चौकशी झाली, नर्सेसचे जबाब झाले, मी सुटले. पण वडगावात ती गोष्ट वेगळ्याच रूपात पसरली आणि तिकडचे पेशंट कितीतरी वर्षं मला बघून कुजबुजत राहिले.

सुनंदाच्या पापण्या हळूहळू उघडल्या, बोटं हलली. नळी काढल्यावर तिचा आवाज घोगरा झाला होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

ती छताकडे बघत म्हणाली,

"मला समदं ऐकू येत हुतं, बाई. त्यो माणूस भांडत हुता त्ये बी. मी पडल्या पडल्या म्हणत हुतो, मरू दे त्यो म्हातारा. लौकर मरू दे. आन् मेला की हो."

"तुझ्या म्हणण्याने कुणी मरत नाही, सुनंदा."

"त्ये मला कळतंय." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

महिन्याभराने ती तपासणीला आली. हातापायात ताकद आली होती. कागदावर पेशंट पूर्ण बरी. प्रकाश म्हणाला, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, मास्तरांच्या घरी जाऊन पाया पडते म्हणते. मी जाऊ नकोस म्हणाले. ती गेली की नाही मला कळलं नाही. पुन्हा ती आली नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. एक मशीन आणि दोन पेशंट असतील तर कुणाला द्यायचं, हे पेशंट यायच्या आधीच ठरवून ठेवू. तेव्हा ते कुणाचे वडील नसतात आणि कुणाची बायको नसते. सर म्हणाले, "नियम केला की त्याच्याखाली सही लागते. कोण करणार?" चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

काही महिन्यांनी पार्ट आला आणि दुसरं मशीन सुरू झालं. आता असा प्रश्न येणार नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. तिसरा पेशंट येईपर्यंत तसं वाटायला हरकत नसते.